मराठी-इंग्रजी कळफलकासाठी पार्श्वप्रकाशित कीकॅप-संच : देवनागरी अक्षरांकनाचे प्रश्न आणि एक मांडणी

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत मराठी मजकूर टंकलिखित करावयाचा झाल्यास कळफलकाकडे पाहून उपयोग होत नाही. कळांवर केवळ रोमन अक्षरे असतात. देवनागरीतील कोणते अक्षर कोणत्या कळेवर आहे हे ज्याला पाठ आहे, त्यालाच ते सापडते. परिणामी प्रश्नपत्रिका, इतिवृत्त किंवा शोधनिबंध लिहिणारा प्राध्यापक मराठी शब्द मनात रोमन लिपीत उलगडतो आणि तो पुन्हा देवनागरीत उमटण्याची वाट पाहतो. या पद्धतीत न आणि ण, ल आणि ळ यांतील भेद बहुधा इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांच्या आधारे सांभाळावा लागतो.

गेल्या काही वर्षांत यांत्रिक कळफलकांचा वापर वाढला आहे. या कळफलकांवरील प्रत्येक कळेची टोपी, म्हणजेच कीकॅप, हाताने काढता येते व तिच्या जागी दुसरी बसविता येते. त्यामुळे आपल्या भाषेचा, आपल्या पसंतीचा आणि आतून प्रकाशमान होणारा संच तयार करवून घेण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. रशियन, कोरियन व जपानी लिपींतील द्विभाषिक संच सहज आढळतात. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील काल्पनिक एल्व्हिश लिपीचे संचदेखील निघाले आहेत. देवनागरीसाठी मात्र हा प्रश्न केवळ अक्षरे बदलण्याचा नाही, कारण चिन्हांची संख्या, शिरोरेषा व प्रकाशाचा मार्ग या तिन्ही बाबी येथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या गुंतागुंतीची उकल करून मराठीसाठी अक्षरांकनाची एक व्यवहार्य मांडणी सुचविली आहे.

१. कळ, टोपी आणि अक्षर यांचा संबंध

कळेवर छापलेले अक्षर आणि पडद्यावर उमटणारे अक्षर यांचा थेट संबंध नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे लागेल. कळ दाबली असता कळफलक संगणकाकडे एक क्रमांक पाठवितो. यूएसबी पद्धतीत रोमन ‘के’ या कळेसाठी हा क्रमांक १४ आहे. या क्रमांकाचा अर्थ ‘के’ घ्यावयाचा की ‘क’, हे संगणकाच्या कार्यप्रणालीत निवडलेली भाषा ठरविते. कळफलकाला स्वतःला कोणतीही भाषा येत नाही. म्हणूनच द्विभाषिक कळफलकासाठी वेगळे विद्युत-मंडल लागत नाही; केवळ टोप्या बदलणे पुरेसे असते.

आज बहुसंख्य सुट्या कीकॅप ज्या स्विचसाठी घडविल्या जातात, त्यांचा आराखडा चेरी या कंपनीच्या एमएक्स मालिकेतून आला आहे. ही मालिका १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आली. तिच्या मध्यभागी अधिक-चिन्हाच्या आकाराचा दांडा असतो व टोपी त्या दांड्यावर घट्ट बसते. दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर सामान्यतः १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच असते. टोपी वरच्या बाजूस निमुळती होत असल्याने अक्षरांसाठी उपलब्ध असलेला पृष्ठभाग साधारण १२ मिलिमीटर रुंद व १४ मिलिमीटर लांब एवढाच उरतो. दोन लिपींना नांदावयाचे असते ते एवढ्याच जागेत.

२. इनस्क्रिप्ट आराखड्याची अंतर्गत शिस्त

भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण आराखडा १९८० च्या दशकात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने पुढे आणला. पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात त्याचा समावेश झाला आणि २०१६ मध्ये आयएस १६३५० या मानकाने त्याची विस्तारित आवृत्ती प्रमाणित केली. हिंदी, कोकणी व संस्कृत या भाषांसाठीही देवनागरीचा हाच मूळ आराखडा वापरता येतो.

या आराखड्याची रचना वर्णमालेच्या तर्कावर उभी आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. स्वरांच्या कळा नुसत्या दाबल्यास स्वरचिन्ह व शिफ्टसह दाबल्यास पूर्ण स्वर मिळतो. रोमन ‘ई’ या कळेवर काना आणि शिफ्टसह आ, ‘आर’ या कळेवर दीर्घ वेलांटी आणि शिफ्टसह ई, याप्रमाणे आ, इ, ई, उ, ऊ, ऋ, ए, ऐ, ओ, औ व ऑ अशा ११ जोड्या आहेत. अ या स्वराला स्वतंत्र चिन्ह नसल्याने त्याच्या जोडीला, रोमन ‘डी’ या कळेवर, हलन्त चिन्ह ठेवले आहे. व्यंजनांच्या बाबतीत अल्पप्राण वर्ण नुसत्या कळेवर आणि त्याचा महाप्राण शिफ्टसह येतो. क-ख, ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ व ब-भ अशा या १० जोड्या आहेत.

कोरियन आणि रशियन भाषांच्या तुलनेत देवनागरीची अडचण येथेच स्पष्ट होते. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरे असून साधारणपणे एका कळेवर एकच रशियन अक्षर येते. कोरियन लिपीच्या प्रचलित आराखड्यातही बहुतेक कळांवर एकच वर्ण असतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्र बहुतेक कळांवर देवनागरीची दोन चिन्हे आहेत. शिवाय च, ट व ड ही व्यंजने इंग्रजीतील विरामचिन्हे व कंस यांच्या कळांवर आहेत आणि त्या कळांवर इंग्रजीचीच दोन-दोन चिन्हे आधीपासून असतात. सर्व काही छापावयाचे ठरविल्यास च या कळेवर चार चिन्हांची दाटी होते.

३. प्रकाश कोठून येतो

अक्षरांकनाची जागा ठरविताना कळेखालील दिव्याचे स्थान निर्णायक ठरते. एमएक्स पद्धतीच्या स्विचमध्ये दांडा मध्यभागी असतो. त्यामुळे एलईडी दिवा मध्यभागी बसविता येत नाही. तो दांड्याच्या एका बाजूस, वरच्या किंवा खालच्या अंगाला असतो. वरचे अंग म्हणजे टंकलेखकापासून दूरची बाजू आणि खालचे अंग म्हणजे त्याच्या जवळची बाजू. दांडा व टोपीची खोबण यांच्या आडोशामुळे दिव्याच्या विरुद्ध बाजूस प्रकाश कमी पोहोचतो.

दिवा वरच्या अंगाला असलेल्या कळफलकावर टोपीच्या वरच्या ओळीतील अक्षर उजळ दिसते आणि खालच्या ओळीतील अक्षर मंद. बहुतेक द्विभाषिक संचांत रोमन अक्षर वर आणि दुसऱ्या लिपीतील अक्षर खाली, काहीसे लहान छापले जाते. परिणामी अंधारात रोमन अक्षर ठळक आणि स्थानिक लिपीतील अक्षर अस्पष्ट दिसते. काही रशियन संचांत दोन्ही अक्षरे वरच्या ओळीत शेजारी-शेजारी ठेवून ही अडचण टाळलेली आढळते. देवनागरीच्या दोन चिन्हांसह रोमन अक्षर एका ओळीत बसवावयाचे झाल्यास १२ मिलिमीटरची रुंदी अपुरी पडते.

४. अक्षर घडविण्याच्या पद्धती

कीकॅपवर अक्षर उमटविण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत आणि त्यांपैकी कोणती निवडली यावर प्रकाशाचे पारगमन अवलंबून असते.

(अ) रंगाचे बाष्पीभवन : या पद्धतीत उष्णतेच्या साहाय्याने रंग प्लास्टिकच्या आत मुरविला जातो. त्यासाठी उष्णता सहन करणारे पीबीटी हे प्लास्टिक वापरतात. अक्षर झिजत नाही, परंतु ते प्लास्टिकपेक्षा गडदच असावे लागते. गडद अक्षरातून प्रकाश बाहेर येत नसल्याने पार्श्वप्रकाशासाठी ही पद्धत उपयोगाची नाही.

(आ) दुहेरी साचा : येथे टोपी दोन वेगळ्या प्लास्टिकांत घडते. एक प्लास्टिक टोपीचे अंग बनते आणि दुसरे, अर्धपारदर्शक प्लास्टिक अक्षराच्या आकाराने त्यातून वर येते. अक्षर टोपीच्या पूर्ण जाडीतून गेलेले असल्यामुळे ते कधीही पुसले जात नाही. या पद्धतीची मर्यादा अशी की अक्षराच्या आत पूर्णपणे वेढला गेलेला भाग बेटासारखा सुटा पडतो. रोमन ‘ओ’, ‘ए’, ‘डी’ यांसारख्या अक्षरांत ही अडचण येते. म्हणून प्रकाशित संचांत ही अक्षरे अनेकदा मध्ये तुटलेली, स्टेन्सिलसारखी दिसतात. देवनागरीत अशी बेटे अधिक आहेत. ठ मधील वर्तुळ, व व ब यांतील गोल, तसेच शिरोरेषेमुळे प आणि ष यांत बंदिस्त होणारी जागा ही त्याची उदाहरणे होत. शिरोरेषा जागोजागी तोडली तर अक्षराची ओळखच धूसर होते. याखेरीज प्रत्येक अक्षरासाठी साच्याचा स्वतंत्र भाग घडवावा लागतो. हा खर्च मोठ्या मागणीवरच परवडतो.

(इ) लेसर-कोरीवकाम : अर्धपारदर्शक टोपीवर अपारदर्शक रंगाचा थर देऊन अक्षराच्या आकारापुरता तो थर लेसरने काढून टाकतात. टोपी मुळात एकसंध असल्याने बेटांचा प्रश्न उद्भवत नाही. ठ मधील वर्तुळ किंवा प ची शिरोरेषा जशीच्या तशी उमटते. साचा लागत नसल्यामुळे एक संच किंवा दहा संचही तयार करता येतात. वरचा रंग दीर्घ वापराने झिजतो, ही या पद्धतीची उणीव होय.

या तुलनेवरून देवनागरीच्या अल्पसंख्य मागणीसाठी लेसर-पद्धत अधिक अनुकूल ठरते. दुहेरी साच्यातील रोमन अक्षर व लेसरने कोरलेले देवनागरी अक्षर अशी मिश्र पद्धतही शक्य आहे. मात्र केवळ पृष्ठभागावर शाईने छापलेले देवनागरी अक्षर प्रकाशित संचात घेऊ नये, कारण अंधारात ते दिसतच नाही. कळांवर चिकटविण्याच्या अपारदर्शक पट्ट्यांनाही हाच आक्षेप लागू होतो. त्या उलट मूळ अक्षराचा प्रकाश अडवितात.

५. किती चिन्हे छापावीत : एक मांडणी

अंकांच्या कळा वगळता इनस्क्रिप्टमध्ये मराठीच्या दृष्टीने उपयुक्त अशा ३४ कळा आहेत. त्यांवरील सर्व देवनागरी चिन्हे छापावयाची झाल्यास ती ६० हून अधिक होतात. परंतु आराखड्याची अंतर्गत शिस्त लक्षात घेतल्यास सर्व चिन्हे छापण्याची आवश्यकता राहत नाही. पुढील तीन नियम पुरेसे आहेत.

पहिला नियम स्वरांचा. कळेवर केवळ पूर्ण स्वर छापावा. नुसती कळ दाबल्यास त्याचे चिन्ह व शिफ्टसह तो स्वर मिळतो, हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. सुटे स्वरचिन्ह छापताना त्याच्यासोबत ठिपक्यांचे वर्तुळ दाखवावे लागते. लहान आकारात, मागून प्रकाश आल्यावर ते ठिपके एकमेकांत मिसळतात. पूर्ण स्वर छापल्याने ही अडचणही दूर होते. अशा प्रकारे ११ कळांवर एकेकच चिन्ह उरते.

दुसरा नियम महाप्राणांचा. कळेवर क असेल तर शिफ्टसह ख मिळणार, हे वर्णमाला जाणणाऱ्यास सहज उमगते. म्हणून १० कळांवर केवळ अल्पप्राण व्यंजन छापावे.

तिसरा नियम जोडाक्षरांचा. इनस्क्रिप्टच्या रूढ आवृत्तीत क्ष, त्र, ज्ञ, श्र ही जोडाक्षरे अंकांच्या कळांवर शिफ्टसह मिळतात. परंतु ती सर्व घटक वर्णांपासून बनविता येतात. क, हलन्त व ष या क्रमाने क्ष मिळतो. ज, हलन्त व ञ या क्रमाने ज्ञ मिळतो. र नंतर हलन्त दिल्यास रफारही आपोआप उमटतो. म्हणून अंकांच्या ओळीत ही चिन्हे छापू नयेत. तेथे बँक, कॅप अशा शब्दांना लागणारा अर्धचंद्र मात्र आवश्यक आहे.

या नियमांनी ज्यांचा अंदाज बांधता येत नाही, ती चिन्हे छापलीच पाहिजेत. अशा सहा कळांवर दोन-दोन चिन्हे लागतात : अ व हलन्त, ह व ङ, र व ऱ, म व ण, ल व ळ, स व श. यांपैकी ऱ हा वर्ण दऱ्या, सुऱ्या अशा रूपांसाठी मराठीला अपरिहार्य आहे. ङ क्वचित लागत असला तरी वाङ्मय हा शब्द लिहिणाऱ्यास तो शोधावाच लागतो. उरलेल्या कळांवर न, व, य, ष, ञ, अनुस्वार व विसर्ग ही चिन्हे एकेकटी येतात. ऩ, ऴ व नुक्ता यांचे मराठी लेखनात काम पडत नसल्याने ती वगळता येतात. अशा रीतीने ३४ कळांवर एकूण ४० चिन्हे पुरतात. २८ कळांवर एक आणि सहा कळांवर दोन.

आता जागेचा प्रश्न. प्रचलित प्रथेच्या उलट, देवनागरी चिन्ह दिव्याच्या बाजूच्या ओळीत आणि रोमन अक्षर विरुद्ध बाजूस लहान आकारात असावे, असे सुचवावेसे वाटते. त्याचे कारण व्यावहारिक आहे. इंग्रजी कळफलकाची सवय बहुतेकांच्या बोटांना झालेली आहे, तर देवनागरीसाठी डोळ्यांचा आधार अद्याप लागतो. ज्या अक्षराला प्रकाशाची गरज अधिक, त्याला तो अधिक मिळावा. एक किंवा दोनच देवनागरी चिन्हे असल्याने ती १२ मिलिमीटरच्या ओळीत पुरेशा आकाराने बसतात. ओळीच्या डाव्या अर्ध्या भागात नुसत्या कळेचे व उजव्या अर्ध्या भागात शिफ्टसह मिळणारे चिन्ह, असा संकेत ठेवल्यास ष, ञ व विसर्ग यांची जागाही स्पष्ट होते. स्वरांच्या ११ कळांना पहिला नियम लागू असल्याने तेथे स्वर मध्यभागी ठेवावा.

६. मराठी वळणाचा आग्रह

देवनागरी एक असली तरी तिची वळणे भिन्न आहेत. हिंदीत प्रचलित असलेला दंडयुक्त ल आणि मराठीतील पाकळीयुक्त ल यांत फरक आहे. तसाच फरक गाठयुक्त श आणि देठयुक्त श यांत आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला अद्ययावत करताना पाकळीयुक्त ल व देठयुक्त श यांचा स्वीकार केला, तसेच ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. या विषयावरील सुधारित निर्णय १० नोव्हेंबर २०२२ रोजी निघाला. कीकॅपचा आराखडा तयार करणारा कारागीर सहसा संगणकातील पहिला देवनागरी फॉन्ट उचलतो आणि त्यात हिंदी वळण असण्याची शक्यता अधिक असते. अनेक ओपनटाइप फॉन्टांत मराठी वळणाची रूपे अंतर्भूत असतात. मजकुराची भाषा मराठी निवडल्यास ती मिळतात. आराखडा पाठविण्यापूर्वी ल व श ही दोन अक्षरे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ॲ या वर्णाबाबतही दक्षता हवी. युनिकोडमध्ये तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यापूर्वीच्या आराखड्यांत ए वर चंद्र असलेले ऍ हे रूप आढळते. आपल्या कार्यप्रणालीत ॲ कोणत्या कळेवर उमटतो हे पडताळूनच तो छापावा.

फॉन्टची निवड करताना रेषांच्या जाडीतील चढ-उतार कमी असलेले वळण घ्यावे. मागून येणारा प्रकाश अक्षराच्या कडा किंचित फुगवून दाखवितो. त्यामुळे जाड अक्षरांतील पोकळ्या बुजतात आणि बारीक रेषा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याखालील मुक्ता हा फॉन्ट या निकषास उतरतो.

७. आक्षेप व व्यवहार

या मांडणीवर असा आक्षेप घेता येईल की, कुशल टंकलेखक कळफलकाकडे पाहत नाही. मग अक्षरे छापण्याचा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप कुशल व्यक्तीपुरता योग्य आहे. परंतु कौशल्य येण्यापूर्वीचा काळ डोळ्यांच्या आधारानेच काढावा लागतो. रोमन अक्षरे कळांवर छापलेली असल्यामुळेच कोणतेही प्रशिक्षण न घेता आपण सर्वांनी इंग्रजी टंकलेखन आत्मसात केले. मराठीला ही संधी मिळाली नाही. इनस्क्रिप्ट कठीण आहे असा जो समज आहे, त्यामागे आराखड्याचा दोष कमी आणि त्याच्या अदृश्यतेचा वाटा अधिक असावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. सर्व संगणकांचे कळफलक बदलणे कोणत्याही महाविद्यालयास परवडणारे नाही. भाषा विभागात, ग्रंथालयात व परीक्षा विभागात प्रत्येकी एक असा प्रारंभ मात्र शक्य आहे. खरेदी करताना काही गोष्टी पडताळाव्यात. कळफलकाचे स्विच अधिक-चिन्हाच्या दांड्याचे आहेत काय. लॅपटॉपच्या चपट्या कळांवर या टोप्या बसत नाहीत. दिवा वरच्या अंगाला आहे की खालच्या. त्यानुसार अक्षरांची ओळ ठरवावी लागते. तसेच स्पेस-बार व तळाच्या ओळीतील कळांची लांबी संचाशी जुळते काय.

भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र व मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा प्रकल्प म्हणूनही या विषयाकडे पाहता येईल. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब कार्यरत असून ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब मानली जाते. अशा प्रकारच्या कार्यशाळांत लहान प्रमाणावर घडविणे व तपासून पाहणे हे शिक्षणाचेच अंग असते. चाळीस चिन्हांचा आराखडा करणे, तो लेसरसाठी रेखाटणे आणि प्रकाशाची तीव्रता मोजणे हे पदवीस्तरावरील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे. द्विभाषिक पार्श्वप्रकाशित कीकॅप-संचात देवनागरीची अडचण जागेची आहे आणि ती इनस्क्रिप्टच्या स्वतःच्या तर्काने बऱ्याच अंशी सुटते. स्वरचिन्हे, महाप्राण व जोडाक्षरे न छापता ४० चिन्हांत मराठीची गरज भागते. लेसर-पद्धतीने ही चिन्हे शिरोरेषा अखंड ठेवून कोरता येतात. त्यांना दिव्याच्या बाजूची ओळ दिल्यास ती अंधारातही वाचता येतात. तांत्रिक सोयी उपलब्ध आहेत. निर्णय वापरणाऱ्यांनी घ्यावयाचा आहे. मराठीतून अध्यापन, परीक्षण व संशोधन करणाऱ्या संस्थांनी ण, ळ आणि ऱ ही अक्षरे आपल्या कळफलकांवर दिसावीत अशी मागणी केली, तर ती पुरविणारे कारागीर पुढे येतील. अशी मागणी न झाल्यास मराठी लिहिणारा पुढील काळातही रोमन अक्षरांकडे पाहूनच लिहीत राहील.